चाँदभाई गायले की कावळा शिवतो

चाँदभाई मुलाणींच्या नावामागं लोक आता ‘दहाव्याचे’ असं लावतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. बावीस वर्षं मी या माणसाच्या पुढ्यात उभी राहून गायले आहे. आप्पांच्या ऑर्केस्ट्रात मी गाणारी आणि चाँदभाई बेस गिटारवर. माझं नाव राजेश्वरी. सध्या इंदापुरात पिठाची गिरणी चालवते. दिवसभर गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलावं लागतं, तेव्हा कुणाला मी भांडतेय असं वाटलं तर वाटू दे. बरेचदा मी भांडतच असते.

चाँदभाई वाढले वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये. वडील कारखान्यात फिटर. कॉलनीतल्या पोरांनी गणपतीत ऑर्केस्ट्रा काढला, तेव्हा ड्रम, कीबोर्ड, सहा तारांची गिटार सगळं आधीच वाटून झालं होतं. उरली होती ती चार जाड तारांची. ती कुणालाच नको होती, कारण तिच्यावर गाणं वाजत नाही, नुसतं दुसऱ्याच्या गाण्याखाली धुम्म धुम्म करत राहायचं. सतरा वर्षांचे चाँदभाई म्हणाले, द्या हिकडं. स्वभावच तसा. कुणी नको म्हटलेलं यांनी उचलायचं, आणि मग ते खाली ठेवायचं कसं हे यांना ठाऊक नाही.

तिथून त्यांना आप्पांनी उचललं. आप्पा म्हणजे आमचे मालक, स्वतः कीबोर्ड वाजवायचे. त्यांनी चाँदभाईंची जागा ठरवून टाकली होती. ड्रमच्या डाव्या अंगाला, ॲम्प्लिफायरजवळ. गिटारची वायर जेमतेम चार हात. त्यापुढं पाऊल टाकलं की पिन निसटायची. बावीस वर्षं माणूस त्या चार हातांत उभा राहिला. लग्नं, जत्रा, पुढाऱ्यांचे वाढदिवस, शाळांची गॅदरिंगं. लोकांना माझ्या साड्या अजून आठवतात, ढोलकीवाल्याचे केस आठवतात. चाँदभाईंचं तोंड एकालाही आठवत नाही. आणि गळा असा गोड की रिकाम्या टेम्पोत गुणगुणले तरी मी माझी बडबड थांबवायची. एकदा मी आप्पांशी भांडले, म्हटलं यांना एक तरी गाणं द्या. आप्पा म्हणाले, देतो की, पण मग बेस कोण धरणार, तुझा नवरा? दुसरा बेसवाला शोधतो असं आप्पा दरवर्षी म्हणायचे. तो काही बावीस वर्षांत सापडला नाही.

मग डीजे आले आणि ऑर्केस्ट्रा बसला. मी गिरणी टाकली, चाँदभाईंनी मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पाणबुडी मोटारी उघडायच्या, तांब्याची तार गुंडाळायची. बेस गिटार त्यांनी विकली आणि एक लाकडी गिटार आणली, जिला ना वायर लागते ना लाईट. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते स्वतःची गाणी जुळवायचे. जळक्या मोटारीवर गाणं, भाजीची पाटी घेऊन एसटीत चढणाऱ्या बाईवर गाणं, लोडशेडिंगवर गाणं. अहो, मी पोट धरून हसले आहे त्या लोडशेडिंगवर. हळूहळू नाव व्हायला लागलं. काटेवाडीला हुरडा पार्टीत गायले, बारामतीच्या कॉलेजात गायले, एका हॉटेलात दर रविवारी संध्याकाळी गायला लागले. पहिल्यांदाच हा माणूस पुढं उभा राहिला, पंचेचाळिशी उलटल्यावर. तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

पण एक गाणं ते कुठंच गायचे नाहीत. ते लेकीचं, अल्फियाचं. अल्फिया पाळण्यात होती तेव्हापासून ते चाललेलं. घरात लाईट गेलेली असली की वायर न जोडता बेसवर वाजवायचे, त्या बारीक घुमाऱ्यावर पोरगी झोपायची. पुढं दर वाढदिवसाला एक कडवं वाढत गेलं. शाळेच्या पहिल्या दिवसाचं कडवं मला पाठ आहे.

*दप्तर भरलं, डबा भरला, बाटली घरात राहिली,*
*अल्फे, मागं वळून बघ, अब्बाची सायकल राहिली.*

शेवटचं कडवं तिच्या लग्नात जोडायचं आणि सगळं गाणं पहिल्यांदा मांडवात म्हणायचं, असं बापलेकीचं ठरलेलं. सितारा, म्हणजे चाँदभाईंची बायको, चेष्टा करायची की तवर गाणं एवढं लांब होईल की वऱ्हाडी जेवून घरी जातील. चाँदभाई नुसते हसायचे. त्यांना आयुष्यात काय पाहिजे असं विचारलं असतं तर त्यांनी एवढंच मागितलं असतं, हे मी शपथेवर सांगते.

आणि मग आप्पा गेले. झटका आला आणि संपलं. दहाव्याला आम्ही सगळे जुने लोक नदीकाठी जमलो. पिंड मांडले, भजी ठेवली, जिलेबी ठेवली, आप्पांची बिडी ठेवली. आणि कावळा काही शिवेना. झाडावर चार बसलेले, खाली एक उतरेना. थोरल्यानं हात जोडून सांगितलं, आम्ही भाऊ भांडणार नाही. धाकट्यानं सांगितलं, आईला अंतर देणार नाही. पाहुण्यांनी आपापल्या परीनं शब्द दिले. तास गेला, दीड तास गेला. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवू. तसं आप्पांची बायको रडायला लागली, म्हणाली, यांचा जीव अडकलाय कशाततरी.

चाँदभाईंनी आप्पांवर एक गाणं केलं होतं. सगळे गेल्यावर नदीवर एकटंच म्हणायचं म्हणून गिटार बरोबर आणलेली. वहिनींचं रडणं त्यांना बघवेना. ते पुढं झाले आणि गायला लागले.

*आप्पा, गाडी भरली हाय, तुमची जागा रिकामी हाय,*
*डायवरशेजारी बसावं कुणी, सांगून जायाचं न्हाय व्हय?*

दुसरं कडवं संपायच्या आत कावळा भजी घेऊन गेला.

झालं. त्या घटकेला त्या माणसाचं आयुष्य दुसऱ्यांच्या हातात गेलं. कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं, ते इंदापूर-बारामतीत घरोघरी फिरलं. आठवड्यात पहिला माणूस दुकानात आला. आमच्या म्हातारीचा दहावा हाय, तुमी या. चाँदभाईंनी समजावलं की बाबा, कावळा भुकेचा येतो, मी गायलो नसतो तरी आला असता, आणि आमच्यात तर हे मानतसुद्धा नाहीत. माणूस हात जोडून उभाच. आता मयताच्या घरच्याला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं असतं. चाँदभाईंची जीभ उचलत नाही.

गेले. कावळा शिवला. मग दुसरीकडं गेले, तिथंही शिवला. अहो, शिवणारच की. कावळा तास-दीड तासात कुठंही येतो आणि यांची गाणी लांबलचक. पण लोकांना कोण सांगणार? चाँदभाई गायले की कावळा शिवतो, हे एकदा ठरलं ते ठरलं. दुकानासमोर मोटारी कमी आणि मयताघरची माणसं जास्त यायला लागली. आणि हा माणूस असा की एकाचं गाणं दुसऱ्याला म्हणायचा नाही. घरच्यांना बसवून विचारायचा. काय आवडायचं, कुणावर चिडायच्या, शेवटचं काय बोलल्या. रात्रभर जागून चार कडवी करायचा, सकाळी एकदा म्हणायचा, संपलं. अशी दोनशेच्या वर गाणी झाली असतील. मी त्यातली पन्नासेक ऐकलीत. त्यांची सगळ्यात चांगली गाणी ती आहेत, हे म्हणायला मला वाईट वाटतं, पण आहेत.

बाकीचं सगळं मिटलं. हॉटेलवाल्यानं रविवार बंद केला, म्हणाला, गिऱ्हाईक कुजबुजतंय. कॉलेजानं बोलावणं थांबवलं. लोडशेडिंगचं गाणं त्यांनी हौसेनं मोबाइलवर टाकलं, तर खाली पन्नास जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. मी हसले, मग मला रडू आलं. लग्नाच्या पत्रिका यायच्या, पण देणारा दारात घुटमळत म्हणायचा की गिटार तेवढी घरी ठेवा. वालचंदनगरला एका लग्नात ते नुसते अक्षता टाकायला गेले, तर नवरीच्या आजीनं पोरीच्या डोक्यावर पदर ओढून घेतला. त्या दिवशी परत येताना मी म्हटलं, चाँदभाई, सोडा हे सगळं, गाणंच सोडा. ते म्हणाले, “सोडायला माझ्या हातात काय हाय, ताई? मी कुठं धरलंय? त्यांनी मला धरलंय.”

याच सुमारास अल्फियाचं बारामतीत जमलं. मुलगा हारिस, फळांचं दुकान, पोरगा सरळ. त्याची आई जास्मिन घरी आली, चहा झाला, तारीख झाली आणि मग तिनं खाली बघत सांगितलं की निकाहाला गाणं नको. सितारा आत जाऊन बसली. चाँदभाई म्हणाले, ठीक हाय. अल्फियाचा चेहरा मी बघितला आणि दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून बारामतीची एसटी धरली.

जास्मिन वाईट बाई नाही, हे मला भांडता भांडता कळलं. ती म्हणाली, “हे असलं आमच्यात न्हाय, मला ठाऊक हाय. पर मन हाय ना, ताई. त्यांचा आवाज ऐकला की मला तिरडी दिसती. माझा एकुलता एक पोरगा हाय.” मी तिला अल्फियाच्या गाण्याचं सगळं सांगितलं. पाळणा, सायकल, दर वर्षीचं कडवं. ती म्हणाली, एक गाणं म्हणू दे त्यांना, तेच. पण ते कधीही कुठल्या दहाव्याला म्हटलेलं नसलं पाहिजे. मी म्हटलं, नाही म्हटलेलं, माझा शब्द. एसटीत मी एकटीच हसत आले. चाँदभाईंना सांगितलं तर ते मोटारीचं झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, शेवटचं कडवं बाकी हाय, आज बसतो.

लग्न शुक्रवारी. बुधवारचा दिवस. घरापुढं मांडवाचे बांबू पडलेले, सितारा पाहुण्यांच्या गाद्या मोजतेय, आणि वरकुट्याचा युवराज येऊन उभा राहिला. त्याचे वडील सावळाराम, पेरूची बाग करणारे, गेले होते. गुरुवारी दहावा. सितारानं सांगितलं, लग्नघर हाय, जमणार न्हाय. मी तर हाताला धरून बाहेर काढणार होते त्याला. पोरगा मान खाली घालून उभा राहिला. चाँदभाईंनी विचारलं, “आबांना काय आवडायचं?” मी कपाळावर हात मारला.

गुरुवारी मीच त्यांच्या गाडीवर मागं बसून गेले. नऊ वाजता माणूस परत आणायचा, एवढंच माझं काम. वरकुट्याला गावाबाहेर पाण्याकाठी पिंड मांडलेले. चाँदभाईंनी सावळारामांचं गाणं म्हटलं. पेरूचं, पाणी धरायचं, पाखरं हाकायचं. छान होतं. कावळे लिंबावर बसून राहिले. त्यांनी ते पुन्हा म्हटलं. नऊ वाजले, दहा वाजले. ऊन चढलं. एवढा वेळ कधीच लागला नव्हता. लोक आता पिंडाकडं बघत नव्हते, चाँदभाईंकडं बघत होते, मोटार दुरुस्त करून दिली आणि चालेना म्हणून बघतात तसे.

सावळारामांची एक पोरगी होती, छकुली. लग्न ठरलेलं, पंधरवड्यावर आलेलं, आणि बाप गेला. युवराजनं पिंडापुढं शब्द दिला, छकुलीचं लग्न थाटात करतो. चुलत्यांनी दिला, मामानं दिला. कावळा हलला नाही. मग कुणीतरी बाईनं मागून म्हटलं, पोरीच्याच पायगुणानं झालं असंल. ती छकुली पाण्याकाठी बसलेली होती, ती उठली आणि पिंडासमोर येऊन म्हणाली, “आबा, मी करत न्हाय लगीन. शिवा आता.”

मी चाँदभाईंकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटलेले होते. बोटं तारांवर गेली आणि पहिल्याच सुरावर मला कळलं की ते काय म्हणणार आहेत. मी दोन हातांवर होते. पुढं होऊन तारांवर हात ठेवला असता तरी थांबलं असतं. मी ठेवला नाही. छकुलीच्या तोंडाकडं बघून माझाही हात उचलला नाही, हे मी कुणापासून लपवत नाही.

*दप्तर भरलं, डबा भरला, बाटली घरात राहिली,*
*छकुले, मागं वळून बघ, आबाची सायकल राहिली.*

सगळं म्हटलं. तेवीस वर्षांचं गाणं, एकेक कडवं, आणि जिथं जिथं अल्फियाचं नाव होतं तिथं छकुलीचं. आदल्या आठवड्यात केलेलं शेवटचं कडवंसुद्धा.

*जा म्हणाया गेलो पोरी, तोंडातनं ‘ये’ आलं,*
*तुझं पाऊल भायेर पडलं, घर मागं मागं आलं.*

कावळा उतरला. छकुली मामाच्या गळ्यात पडून रडली, बायका म्हणाल्या, आबांचं पोरीच्या लग्नातच मन अडकलं होतं, लगीन झालंच पाहिजे. मी चाँदभाईंना गाडीवर बसवलं. वाटेत मी ओरडले, रडले, शिव्या दिल्या. ते म्हणाले, तिला उठवायचं होतं तितनं, माझ्याकडं दुसरं गाणं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ते मोबाइलवर बारामतीत पोचलं होतं. जास्मिनचा मला फोन आला. ती चिडली नाही. एवढंच विचारलं की हेच का ते गाणं. मी शब्द देऊन आलेली बाई, हो म्हणाले. ती म्हणाली, मग राहू दे, ताई. अल्फियानंही ते बघितलं होतं. मी घरी गेले तेव्हा तिचे हात मेंदीनं भरलेले होते आणि डोळे पुसायला सितारा शेजारी बसली होती.

शुक्रवारी बारामतीत निकाह झाला. सगळं नीट झालं, कुणी कुणाला कमीजास्त बोललं नाही. चाँदभाई नवा कुर्ता घालून दारात उभे राहून पाहुण्यांना या बसा करत होते. गिटार आणलीच नव्हती. निघायची वेळ झाली तेव्हा अल्फियानं मला कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत बोलावलं आणि अब्बांना घेऊन या म्हणाली. आम्ही आत गेलो. तिनं दाराला आतून कडी घातली. बाहेर स्पीकरवर गाणी लागलेली, पोरांचा दंगा, आतलं काही बाहेर जाण्यासारखं नव्हतं.

ती म्हणाली, “अब्बा, मी रागावले होते. आता न्हाय. छकुलीला दिलंत, बरं केलंत. आता मला म्हणा. कुणी ऐकत न्हाय.”

चाँदभाईंनी रिकामे हात पुढं करून दाखवले.

“गिटार नसली तरी चालंल. नुसतं शेवटचं म्हणा. माझं नाव घालून.”

मी मनात म्हटलं, म्हणा हो, म्हणून टाका, आयुष्यभर वाट बघितलीत ना. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आणि मग त्यांनी हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं. हा माणूस सहा वर्षं लोकांना सांगत आला होता की हे सगळं खोटं आहे, कावळा भुकेचा येतो, गाण्यात काही नसतं.

“दुसरं काहीबी माग, बेटा,” ते म्हणाले. “ते न्हाय.”

“का, अब्बा?”

“तुझं नाव घालायचं मला भ्या वाटतं.”

अल्फियानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, गाडी लागली म्हणून. मी कडी काढली.